मामाचे पाय

सालेकसा सोडून आत वळलं की चार-पाच किलोमीटरवर एक गाव लागतं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. परतल्यावर प्रवासाची हकीकत लिहून देईन, असं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं, आणि हकीकत लिहायची तर खरी लिहायला हवी. पण त्या गावातल्या एका माणसाची माझ्यामुळे एकदा शोभा झाली आहे. ती पुन्हा व्हायला नको.

आम्ही दोन आठवडे तिथे होतो, त्यामुळे लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. नागझिऱ्याच्या जंगलात पहाटे कुडकुडत फिरलो आणि वाघ सोडून सगळं पाहिलं, तेही रंगवून सांगता येईल. (आमचा वाटाड्या म्हणाला, "वाघानं तुमाले पायलं ना, तेवढं बस झालं.") पण डोळे मिटले की मला दिसतो तो शेवटचा दिवस. त्याचीच हकीकत देते.

आधी आम्ही कोण ते सांगते. न्यूझीलंडमधल्या एका चर्चची सात तरुण मुलंमुली सेवेसाठी भारतात आली होती. त्यांचा पुढारी डॅनियल, वय पस्तिशीच्या आत, उत्साही आणि घड्याळाचा पक्का. काम होतं एका मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर नवं छप्पर घालायचं. उपदेश नाही, पत्रकं नाहीत, असं पहिल्याच दिवशी सरपंचांना सांगितलं होतं आणि ते पाळलंही. मुलांना मराठी येत नव्हतं, गावाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मध्ये मी. कोपरगावच्या शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. आमच्या पाळकसाहेबांनी "दुभाषी म्हणून जाल का?" असं विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं होतं. परदेशी पाहुणे आले की मंडळीत भाषांतर मीच करते, आणि माझ्या भाषांतरात आजवर कोणी चूक काढलेली नाही. हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे.

शेवटच्या दिवशी मला सगळ्यांच्या आधी जाग आली. जानेवारी अर्धा सरला होता आणि बाहेर धुकं दाटलं होतं. धानाची कापणी (भाताच्या पिकाला इकडे धान म्हणतात) कधीच आटोपली होती. बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, नुसती खुंटं उरली होती आणि त्यांच्यामधून लाखोळी या कडधान्याची निळी फुलं डोकावत होती. लांबून हावड्याकडे जाणाऱ्या मालगाडीची धडधड ऐकू येत होती, ती संपता संपेना. डोक्यावरून शाल घेऊन मी विहिरीकडे गेले, तर टेकचंदभाऊ तिथे आधीच हजर.

टेकचंदभाऊ वसतिगृहाचे शेजारी. पाच एकर धानाची जमीन, दोन बैल, एक म्हैस. विहीर त्यांचीच, छपराचं काम चाललंय तोवर पाणी इथूनच न्या, असं त्यांनी आपणहून सांगितलं होतं. साठीचा उंच माणूस, हाडापेराने मजबूत आणि बोलायला रोखठोक. साधं "जेवलात का" विचारलं तरी पुण्याच्या माणसाला वाटावं, हे भांडायला आले.

"मॅडम, आज जाऊन रायले ना तुमी?" त्यांनी विचारलं.

"हो भाऊ. दोनला गाडी निघेल."

"मंग एक काम करजा. जेवन झालं का भांजीले आमच्या घरी घेऊन येजा. अर्धा घंटा. तिचे पाय धुवाचे हायेत, साडी द्याची हाये. मामाच्या घरून पोरगी कोरडी कशी जाईन?"

भांजी म्हणजे भाची, आणि ही भाची म्हणजे आमच्यातली हॅना. हिची गोष्ट सांगायला हवी. हॅना एकवीस वर्षांची, तिच्या आईवडिलांचा गाईंचा गोठा. गोठा कसला, दोनशे गाईंचा कारखानाच. आम्ही आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी टेकचंदभाऊंची म्हैस अडली. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले, दुपारशिवाय येणार नव्हते. गोठ्यात बायका रडकुंडीला आल्या होत्या. हॅना माझ्यामागून काय झालं बघायला आली, तिने बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या, साबण मागितला आणि अर्ध्या तासात रेडकू बाहेर काढलं. वगार, म्हणजे मादी, झाली. टेकचंदभाऊ तिच्याकडे नुसते बघत राहिले.

त्यांना एकच बहीण होती. राजनांदगावकडे दिलेली, मूलबाळ न होता गेली. आमच्या नगर जिल्ह्यात भाचा-भाची मामाच्या पाया पडतात. छत्तीसगडला लागून असलेल्या या पट्ट्यात रीत अगदी उलटी. इथे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची म्हणजे देवच. लग्नात, सणात, मरणात तिला दान दिल्याशिवाय काही पुरं होत नाही. "ज्याले भांजी नाई, त्याचं दान घ्याले कोनी नाई," टेकचंदभाऊंच्या बायकोने, मामीने, मला सांगितलं होतं. तर त्या दिवशी टेकचंदभाऊंनी हातपाय धुतले, टोपी सारखी केली आणि चार लोकांदेखत वाकून हॅनाच्या पायांना हात लावला. ती बिचारी टुणकन उडालीच. मी तिला समजावलं, "आजपासून हे तुझे मामा. इथे मामा भाचीला असा मान देतो." तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून ती त्यांना मामा म्हणायची, आणि तिच्या तोंडी तो शब्द इतका स्वच्छ यायचा की ऐकत राहावं.

त्या दिवशी टेकचंदभाऊ आणखी एक वाक्य बोलले होते. "अन् तिले सांगजा, तिनं माझ्यापुढं कधी वाकाचं नाई. मले पाप लागते." हे मी हॅनाला सांगितलं नाही. परदेशातली मुलगी कशाला कोणाच्या पाया पडायला जाते, असं मला वाटलं. वेळही नव्हता, डॅनियल विटांसाठी हाका मारत होता.

असो. विहिरीवर मी टेकचंदभाऊंना म्हटलं, "आणते भाऊ, नक्की आणते."

नाश्त्याला तांदळाचे चिले (आपल्या घावनासारखे) आणि जवसाची चटणी होती. सात मुलांनी मिळून किती खाल्ले ते मोजायला स्वयंपाकीणबाईंना जमलं नाही. त्या नुसत्या हसत टाकत होत्या. डॅनियलने कागद काढला. दिवसाचा कार्यक्रम मिनिटांसकट लिहिलेला. अकरा वाजता निरोप समारंभ, त्यात एक "सरप्राइज". प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. या मुलांच्या चर्चमध्ये प्रत्येक सेवादौऱ्याच्या शेवटच्या दिवशी हेच करतात. ज्यांनी त्यांची सेवा केली, त्या स्थानिक माणसांचे पाय मुलं धुतात. सात मुलं, सात माणसं. स्वयंपाकीण, रखवालदार, मिस्त्री अशी नावं होती. हॅनाच्या नावापुढे लिहिलं होतं, मामा.

मी डॅनियलला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाकी सगळे ठीक आहेत. पण टेकचंदभाऊंचे पाय हॅनाने धुणं इथे बरं दिसणार नाही. त्यांना आवडणार नाही."

डॅनियल प्रेमाने हसला. "पेत्रालाही आवडलं नव्हतं," तो म्हणाला. "माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, असं तो प्रभूला म्हणाला होता. गोष्ट तीच तर आहे. मोठ्या माणसाला सेवा घ्यायला जड जातं."

आता यावर मी काय बोलणार? पेत्र या शिष्याची ही गोष्ट मी स्वतः रविवारच्या शाळेत किती वर्षं शिकवली आहे. खरं तर बोलता आलं असतं. पेत्राला लाज वाटली होती, इथे एका माणसाला पाप लागणार आहे, हा फरक सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. पण बायबलमधला दाखला दिला की मी गप्प बसते, ही लहानपणापासूनची सवय. शिवाय माणसाला पाय धुवून घेण्याचं कसलं आलंय पाप, असंही मनात आलंच. आपल्या घरची रीत तेवढी शहाणी, दुसऱ्याची ती अंधश्रद्धा, हे आपण उघड बोलत नाही इतकंच.

अकराला अंगणात सात खुर्च्या मांडल्या. प्रत्येकीपुढे प्लास्टिकचा टब, साबण, नवा टॉवेल. वसतिगृहाच्या मुली ओळीने बसल्या, गावातली पन्नास-साठ माणसंही जमली. टेकचंदभाऊंना वाटलं, सत्कार आहे. ते इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून आले होते, मामीही नव्या लुगड्यात. सात जण खुर्च्यांवर बसले. डॅनियलने खूण केली आणि मुलं समोर गुडघ्यांवर बसली.

हॅना टेकचंदभाऊंपुढे बसली आणि तिने त्यांच्या चपलेला हात घातला, तसे ते खुर्चीवरून उठलेच. खुर्ची मागे पडली.

"हे काय करून रायली ही? मॅडम! तिले सांगा, असं नाई कराचं. हे पाप माझ्या डोक्शावर नको चढवू म्हना तिले."

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. एका मुलाच्या हातात कॅमेरा चालू होता. हॅनाने मान वर करून विचारलं, "मामा काय म्हणतात?"

मंडळी, खरं भाषांतर करायला मला पाच सेकंद लागले असते. सकाळी ते काय बोलले, बारा दिवसांपूर्वी काय बोलले, सगळं मला तोंडपाठ होतं. पण तसं सांगितलं असतं तर समारंभ तिथेच थांबला असता, आणि हॅनाने विचारलं असतं की हे मला आधी का नाही सांगितलंत. मी म्हणाले, "ते म्हणतात, मी या मानाला पात्र नाही."

मुलांच्या तोंडून "आह" असा आवाज निघाला. डॅनियलचे डोळे चमकले. "पेत्र!" तो हळूच म्हणाला. त्याने मला गावकऱ्यांना पेत्राची गोष्ट मराठीत सांगायला लावली, आणि मी सांगितली. चांगली सांगितली. गोष्ट सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग मी टेकचंदभाऊंजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हटलं, "भाऊ, होऊ द्या. पोरगी एवढ्या लांबून आलीय. तुम्ही नाही म्हणालात तर चारचौघांत तिचं मन मोडेल."

मी खुर्ची सरळ केली. ते बसले.

हॅनाने त्यांचे पाय धुतले. टाचांच्या भेगांतली माती बोटांनी काढली, टॉवेलने एकेक बोट कोरडं केलं. शेवटी तिने कपाळ त्यांच्या पायांवर टेकलं. इतर सहा जणांचं हसतखेळत चाललं होतं. रखवालदाराला गुदगुल्या होत होत्या आणि मुली खिदळत होत्या. टेकचंदभाऊ मात्र दोन्ही हात छातीशी जोडून वर आभाळाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागे बसलेल्या गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मामी उठून निघून गेली. टाळ्या वाजल्या. टेकचंदभाऊ उठले आणि अनवाणीच फाटकाबाहेर पडले. चपला टबापाशी राहिल्या.

बाराला पंगत बसली. भात, वरण, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वांगी, वडे. सगळं टेकचंदभाऊंच्या घरून आलेलं. पण वाढायला ना ते होते ना मामी. मुलं एकमेकांना पाय धुण्याचे फोटो दाखवत जेवत होती आणि हॅना मला सारखी विचारत होती, मामा जेवायला का नाही आले? "येतील," मी म्हटलं. मी ताट अर्धंच सोडलं. हात धुतले आणि एकटीच त्यांच्या घरी गेले.

ओसरीवर तांदळाच्या पिठाचा चौक (रांगोळी) काढलेला होता. त्यावर पाट, पुढे काशाची परात, हळदीचं पाणी, घडी घातलेली मोरपंखी साडी. टेकचंदभाऊ अंगणात उन्हाला बसले होते, केस ओले. भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं होतं. जेवलेही नव्हते.

मामीने मला बस म्हटलं नाही. "भांजीकडून पाय धुऊन घेतले यायनं," ती म्हणाली. "साऱ्या गावानं पायलं. आता कोन्याच्या मांडवात जाऊन उभे रायतीन हे?"

"चूप वो," टेकचंदभाऊ म्हणाले. "तिले काय मालूम? लेकरू हाये." मग माझ्याकडे वळले. आवाज सकाळच्यासारखा मोठा नव्हता. "मॅडम, तिले घेऊन या. मी तिचे पाय धुतो, मंग माझं उतरते. तेवढंच करा. साडी राहू द्या, नाई आवडली तर. पाय धुऊ द्या मले."

म्हणजे उपाय होता. एवढा सोपा, पाच मिनिटांचा उपाय. "आणते भाऊ," मी म्हटलं. "पाट हलवू नका. आत्ता आणते." मी अक्षरशः पळत निघाले. या वयात, त्या बांधावरून.

वसतिगृहापुढे गाडी येऊन उभी होती, ठरल्यापेक्षा तासभर आधी. ड्रायव्हर गोंदियाचा, टपावर बॅगा बांधत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, जल्दी करो. तुमसरच्या पुढे रोडचं काम चालू आहे. अभी नहीं निकले तो फ्लाइट गई समझो." डॅनियल माणसं मोजत होता. वसतिगृहाच्या मुली हॅनाच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि ती त्यांच्यामधून गाडीत चढत होती.

"वीस मिनिटं दे," मी डॅनियलला म्हटलं. "हॅनाला टेकचंदभाऊंच्या घरी न्यायचं आहे."

"निरोप झाला की त्यांचा," तो म्हणाला. "इतका सुंदर झाला. आता पुन्हा कशाला? काही विशेष कारण आहे का?"

कारण होतं. ते सांगितलं असतं तर त्याने गाडी थांबवली असती, याबद्दल मला शंका नाही. तो घड्याळाचा गुलाम असला तरी दुष्ट नव्हता. पण कारण सांगायचं म्हणजे सातही मुलांपुढे सांगायचं, की मघाशी मी चुकीचं भाषांतर केलं, जाणूनबुजून केलं, आणि तुम्ही ज्याला पेत्र समजून टाळ्या वाजवल्या तो माणूस आज उपाशी बसला आहे. तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने खुणावल्या मी. स्वतःची एक कबूल करायची वेळ आली तर म्हणाले, "नाही, तसं विशेष काही नाही." आणि गाडीत बसले.

गाडी गावातूनच बाहेर पडते. टेकचंदभाऊंचं घर रस्त्यालगत. ते दारात उभे होते. कोरडा सदरा, डोक्याला टोपी, हातात पाण्याचा तांब्या. मामी मागे ओसरीवर, पाटापाशी. हॅना खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली, "मामा! मामा!" आणि दोन्ही हात हलवू लागली. त्यांनी हात हलवला नाही. ते गाडीच्या चाकांकडे बघत होते, वेग कमी होतो का म्हणून. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. "थांबव" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, आणि गाडी वळणावरून मोठ्या रस्त्याला लागली.

पुढचा प्रवास मी कशाला वर्णन करू? आमगावला रेल्वे फाटक बंद मिळालं, तिथे पंधरा मिनिटं उभे होतो. म्हणजे वेळ होता. फाटकापाशी काढलेल्या त्या पंधरा मिनिटांत मला जे वाटलं ते कोणाच्या वाट्याला न येवो. गोंदियात चहा झाला. तिरोड्याच्या अलीकडे विजेच्या कारखान्याच्या उंच चिमण्या दिसायला लागल्या, मुलांनी त्यांचे फोटो काढले आणि गाणी म्हटली. हॅना माझ्या शेजारी येऊन बसली, तिने फोनवर ती चित्रफीत लावली. "बघा, मामा रडत होते," ती म्हणाली. "माझ्या हातून कोणाला एवढा आनंद झालाय, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं." तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपी गेली. तुमसरच्या पुढे रस्त्याचं काम वगैरे होतं, पण गाडी फारशी अडली नाही. विमानतळावर आम्ही तीन तास आधी पोचलो.

मी घरी आले. रविवारी मंडळीत माझा सत्कार झाला. हॅनाने पाठवलेला पाय धुण्याचा फोटो पाळकसाहेबांनी मोठा करून सभागृहात लावला होता. खुर्चीत टेकचंदभाऊ, हात जोडलेले, डोळे आभाळाला. लोक थांबून थांबून बघत होते, एकीने तर डोळे पुसले. मी नारळ घेतला, शाल घेतली, दोन शब्द बोलले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं घरी येऊन रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं आणि फोटो उतरवून घेतला. तुमच्यापैकी अनेकांनी तो का काढला म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर हे.

मग टेकचंदभाऊंना फोन लावला. तीनदा हातात घेऊन ठेवला, चौथ्यांदा लावला.

"बोला मॅडम," ते म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. "भांजी पोचली ना बराबर?"

"पोचली. भाऊ, तुमच्या घरच्यांचं... म्हणजे गावात काही..."

"आता काय सांगू? परवा लगन होतं आमच्या भावकीत. मी नाई गेलो. कोनी म्हटलं नाई काई, पन मीच नाई गेलो." मग त्यांनी विचारलं, "तिले सांगितलं का तुमी?"

"नाही."

"काऊन?"

पुण्या-नगरकडच्या माणसाने हे विचारलं असतं तर चार शब्द गुंडाळून विचारलं असतं, मग उत्तरही गुंडाळून देता आलं असतं. इतक्या उघड्या प्रश्नाला उत्तरही उघडंच द्यावं लागलं. मी म्हटलं, "मला लाज वाटली, भाऊ. माझी चूक सांगायची लाज वाटली."



"ते परदेशी लोक हायेत," ते मग म्हणाले. "त्याईले काय समजते. मी सबन तुमालेच सांगत होतो, मॅडम. तुमाले समजून रायलं होतं म्हनून सांगत होतो." आणि मग, "तिले सांगा, मामा थांबून हाये. येईन तवा येईन. पन या खेपी मी जसं म्हनतो तसंच सांगजा."

त्याच संध्याकाळी हॅनाला लिहायला बसले. मुलांकडून आयुष्यभर इंग्रजी निबंध लिहून घेतले, पण पहिलं वाक्य लिहायला मला दीड तास लागला. मी तुझ्याशी खोटं बोलले, एवढंच ते वाक्य. त्यापुढे सगळं, जसं घडलं तसं आणि टेकचंदभाऊ जसं बोलले तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि पाठवून दिलं. त्याला आज नऊ दिवस झाले. तिने ते वाचल्याची खूण दिसते आहे. उत्तर आलेलं नाही.